वाचून दाखवले, समजले, मान्य

नारपोली, भिवंडी
१७ जानेवारी २०२५

भरतदादा, नमस्कार.

हे पत्र दिनेशच्या हाती देते आहे. शनिवारी पूर्णा गावच्या गोदामातली ड्युटी संपली की तो पाड्यावर येतो, म्हणजे तुला रविवारी मिळेल. तुमच्याकडे रेंज नाही. आणि असती तरी केसरीनाथ सरांचा नियम आहे, दाव्याचं बोलणं फोनवर करायचं नाही. त्यांच्या हाताखाली वकिली शिकायची तर त्यांचे नियमही शिकायला हवेत.

धाकली मावशीची उलटतपासणी ११ फेब्रुवारीला, मंगळवारी आहे. मनोजचे वकील विचारतील, तिने उत्तरं द्यायची. बारक्याकाकांना जाऊन त्याच सुमारास दोन वर्षं होतील. खरं तर जमिनीवर तिचं नाव केव्हाच लागायला हवं होतं. पण सख्ख्या पुतण्याने, मनोजने, तलाठ्याकडे लिहून दिलं की ही काकाची बायको नव्हे, नुसती घरात राहायला होती. हा दावा हरलो तर मावशीला बावीस वर्षं राबलेलं शेत आणि ते घर सोडावं लागेल. मूलबाळ नाही, म्हणजे दुसरा आधारही नाही.

पण काळजी करू नकोस. तिचं साक्षीचं प्रतिज्ञापत्र मी स्वतः तयार केलं आहे. ड्राफ्टिंगला मला कॉलेजात सगळ्यांत जास्त मार्क होते, तुला आठवत असेल, पेढे तूच खाल्लेस. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेचा कपही टेबलावर आहे, त्यात मी पेनं ठेवते.

मावशीला एवढंच सांग, की प्रतिज्ञापत्रात जे लिहिलंय तेच बोलायचं. मी तिला सगळं वाचून दाखवलं आहे. सकाळी सहाच्या एसटीने अंबाडीला ये, तिथून पुढची गाडी मिळते.

मामाला, राघोमामाला, नमस्कार.

माधवी

*

पाड्यावरून
२६ जानेवारी २०२५

वकीलबाई माधवी यांस,

आज झेंडावंदन झालं. पोरांना बिस्किटं वाटली आणि लिहायला बसलो. शाळेत अठरा पोरं आणि मास्तर मी एकटा, म्हणजे माझं कोर्ट रोजच भरतं. तारीख मात्र मिळत नाही.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. (तुझी मावशी ती माझी आत्या, हे कोर्टात कुणी विचारलं तर सांगून ठेव, तिथे सगळंच विचारतात म्हणे.) तिने दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "कागदात काय व्हतं ते मना आता याद न्हाय." मी म्हटलं, माधवीने वाचून दाखवलंय ना? ती सूप घेऊन भात पाखडायला बसली. वय झालं, दुसरं काय. मी म्हटलं, साहेब विचारतील त्याचं खरं उत्तर दे, म्हणजे कागदाशी जुळेलच.

मनोजने शेताच्या रस्त्याकडच्या बाजूला सिमेंटचे खांब रोवलेत. नऊ आहेत. गोदामाचे ट्रक उभे करायला जागा भाड्याने द्यायची म्हणतो. कोर्टाची मनाई आहे असं सांगितलं तर म्हणतो, खांब आहेत, ट्रक कुठे आहेत? त्यालाही कायदा शिकवायला कुणीतरी भेटलेला दिसतोय.

आत्या रोज त्या खांबांना वळसा घालून शेतात जाते. मधून जात नाही.

तुझा,
भरत

*

नारपोली
१२ फेब्रुवारी २०२५

भरतदादा,

काल तुला व्हरांड्यात बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते लिहिते. एसटी स्टँडवर मला बोलता आलं नाही.

मनोजच्या वकिलांनी विचारलं, लग्न कधी झालं? मावशी म्हणाली, "न्हाय झालं. त्या सालाला करनार व्हतो." त्यांनी विचारलं, मग तुम्ही नांदायला कशा आलात? ती म्हणाली, "दोनी घरची मानसं बसली, ताडी पिली, बोलनं झालं. मंग आले." त्यांनी विचारलं, सप्तपदी झाली होती का? ती म्हणाली, "ती काय अस्ते?" त्यांनी विचारलं, ब्राह्मण कोण होता? ती म्हणाली, "आमच्यात बामन नस्तो. धवलेरी बाई लगीन लावते."

मग त्यांनी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. त्यात लिहिलंय की १२ मे २००१ रोजी हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे सप्तपदी होऊन विवाह झाला. खाली तिचा अंगठा. त्यांनी विचारलं, हा अंगठा कुणाचा? ती म्हणाली, माझा.

जज्जसाहेबांनी तिला स्वतः विचारलं, हा कागद तुम्हाला वाचून दाखवला होता का? ती हो म्हणाली.

झालं एवढंच. वीस मिनिटं. केसरीनाथ सर बाहेर येऊन म्हणाले, साक्षीदार कच्ची निघाली. मावशी गोंधळली, दुसरं काही नाही. कोर्टात भलेभले गोंधळतात. पण आता समोरचे म्हणणार, लग्नच नाही तर ही वारस कसली.

मला काही वाटलं नाही. खोलीवर आले, डाळभात लावला, जेवले, भांडी घासली. शेजारच्या लूमची सेकंड शिफ्ट सुरू झाली होती, ती ऐकत बसले.

माधवी

*

पाड्यावरून
२३ फेब्रुवारी २०२५

माधवी,

मी आत्याला फार बोललो. आता त्याचंच वाईट वाटतंय, म्हणून आधी ते लिहितो. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, एवढा कागद तयार करून दिला तरी तुला तेवढं बोलता आलं नाही? तिने ऐकून घेतलं. तेव्हापासून ती शेतात गेलेली नाही. ओट्यावर बसते. कुणी वाढलं तर जेवते.

परवा तिने मला विचारलं, "भरत, खरं बोलले म्हनून जमीन जाईल का?" मी पोरांना सहा वर्षं उलटं शिकवत आलोय.

मग म्हणाली, "मी कोर्टात एकच खोटं बोलले." कोणतं, ते सांगत नाही.

एक गोष्ट मला समजत नाही. तुझं पत्र मी चारदा वाचलं. ती तारीख आणि सप्तपदी कागदात आली कुठून? आपल्या वारली आदिवासींच्या घरात सप्तपदी कधी झालीये? मनोजच्या स्वतःच्या लग्नात, त्याच मांडवात, आधी त्याच्या आईबापाचं लगीन लागलं. आपण दोघं जेवायला होतो. बारक्याकाका तेव्हा म्हणाले, आमचं पुढच्या साली करू, आणि ते पुढचं साल आलंच नाही. हे तुला माहीत नाही असं थोडंच आहे?

सरळ विचारतो. तू तिला तो कागद वाचून दाखवला होतास का?

भरत

*

पाड्यावरून
३० मार्च २०२५

माधवी,

दिनेश म्हणतो, पत्र दिलं तेव्हा तू ते न फोडता पर्समध्ये ठेवलंस. पाच आठवडे झाले. आज पाडवा आहे. आत्याने दिनेशबरोबर मोहाची फुलं सुकवून दिली आहेत. आम्ही ती मागितली नाहीत, तिनेच बांधली. उत्तर लिहायचं नसेल तर फुलं मिळाली एवढं तरी कळव.

भरत

*

नारपोली
२० एप्रिल २०२५

भरतदादा,

फुलं मिळाली.

नाही. वाचून दाखवला नव्हता.

ते कसं झालं ते सांगते. टायपिस्टला उठायचं होतं, मावशीला वाड्याची एसटी पकडायची होती. मी म्हटलं, मावशी, अंगठा दे, काय लिहिलंय ते चालता चालता सांगते. चालताना मी तिला माझ्या नव्या कोटाबद्दल सांगत होते. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी छापील ओळ असते, 'मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे.' त्याखाली तिची ओळख पटवल्याची सही माझी आहे. साहेबांनी तिला विचारलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग हो म्हणाली. तिचं एकच खोटं ते. माझ्यासाठी बोलली. मी शेजारी उभी होते आणि मी काही बोलले नाही.

तारीख आणि सप्तपदी माझ्या जर्नलमधून आली. कॉलेजात ड्राफ्टिंग म्हणजे दहा नमुने सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे. विधवेच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना त्यातलाच, मी नावं बदलली आणि तारीख टाकली. मावशीला विचारलंच नाही. अशिलाची मुलाखत कशी घ्यायची याचीही आमची वही होती. दोन मुलाखती लिहायच्या. मी दोन्ही घरी बसून मनाने लिहिल्या, 'श्रीमती अ' आणि 'श्री. ब'. दोघंही फार मुद्देसूद बोलले. कोर्टभेटीची डायरी माझ्या एक वर्ष पुढे असलेल्या रुचिकाची उतरवली, तिने तिच्या भावाची उतरवली होती. म्हणजे आम्ही तिघांनी वेगवेगळ्या वर्षी तोच खटला तहकूब होताना पाहिला. तीन वर्षांत माझ्यासमोर एकदाही खरं माणूस बसलं नाही. पहिलं बसलं ते मावशी.

पण सगळं कॉलेजवर ढकलता येणार नाही. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, हे कलम दोन, पोटकलम दोन. मला परीक्षेत आलं होतं. मी ते बरोबर लिहिलं, वर उदाहरणही दिलं. म्हणजे आपल्याला आपली रीत लागू, आणि आपल्या रीतीने मावशी बायकोच आहे. तेवढंच लिहिलं असतं तरी पुरलं असतं. वर्गात ते कलम शिकवताना सरांनी विचारलं होतं, कुणाला अशा चालीरीती माहीत आहेत का? माझ्या आईबापाचं लगीन लागलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मी खाली पाहून बसले. केसरीनाथ सरांच्या टेबलाशीही मला हेच झालं. बावीस वर्षं राहिली पण लग्न नव्हतं, असं त्यांच्यासमोर टाईप करायची मला लाज वाटली. म्हणून मी मावशीचं लग्न लावून दिलं.

आता अडचण अशी की जे दाव्यातच लिहिलेलं नाही, त्याचा पुरावा देता येत नाही. रीत लिहिलेली नाही. दाव्यात दुरुस्ती मागता येते, पण साक्ष सुरू झाल्यावर सहजी मिळत नाही. ती चूक कशी झाली ते कुणीतरी शपथेवर सांगावं लागेल. सर म्हणाले, अशिलाच्या अंगावर जाऊ दे, तू आत्ताच तर सनद घेतलीस. मी शपथेवर लिहिलं तर बार कौन्सिलकडे माझी तक्रार होऊ शकते, सनदही जाऊ शकते.

हे सगळं लिहिताना रडायला यायला हवं होतं. येत नाही. दात काढताना सुई देतात ना, तसं झालंय. हे तिला सांग. जसंच्या तसं वाचून दाखव.

माधवी

*

पाड्यावरून
४ मे २०२५

माधवी,

जसंच्या तसं वाचून दाखवलं. नको तिथे मी अडखळलो, तरी वाचलं. तुझी आई, बायजाबाई आत्या, आली होती. तिनेही ऐकलं. तुझ्या वर्गात खाली पाहून बसण्याचं आलं तेव्हा ती उठून चुलीकडे गेली. तिचं तू तिच्याशी बघ.

धाकली आत्या काय म्हणाली ते ती बोलली तसं लिहितो, मास्तरकी न करता:

"माधवीला सांग, मना राग न्हाय आला असं न्हाय. आला. मी दोन महिनं माज्याच तोंडाला दोस देत बसले. भरत बी मना बोलला. पन ती आमची लेक हाय, तिला कुनी सांगलंच न्हाय कागुद कसा करतात, तर ती काय करेल. आता तिने हितं यावं. सगलं नव्याने लिवावं नि माज्या म्होरं बसून वाचावं. समद्या वली, एक बी न सोडता. आनि त्यात लिव, का त्या माघात मांडवासाटी भात कांडून ठेवला व्हता. तीन कनग्या. बारक्याने सोता ठेवला. मंग तो गेला नि तोच भात बाराव्याला रांधला. ह्ये लिव."

मी म्हटलं, कोर्टाला एवढं लागत नाही. म्हणाली, "मना लागतं."

कधी येतेस?

भरत

*

नारपोली
१० सप्टेंबर २०२५

भरतदादा,

मे महिन्यात ओट्यावर बसून मी तो कागद वाचला तेव्हा तू होतासच. दोन तास लागले. सहा ठिकाणी मावशीने थांबवलं आणि पाच ठिकाणी तिचं बरोबर होतं. कनग्यांचं वाक्य परिच्छेद सातमध्ये आहे. रुचिका म्हणाली, हे काढू या. मी म्हटलं, तिला विचार. तिने विचारलं नाही आणि ते राहिलं.

पुढचं तुला तुकड्यातुकड्याने कळलंय, आता सलग लिहिते. मी शपथेवर लिहून दिलं की मी वाचून दाखवलं नव्हतं, आणि मावशी हो म्हणाली ती मला सांभाळायला. केसरीनाथ सरांनी दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची दुसऱ्याला दिली. ओरडले नाहीत, तेवढंच. मावशीचं वकीलपत्र रुचिकाने घेतलं. जुलैत दुरुस्ती मंजूर झाली. आदेशात माझ्याबद्दल चार ओळी आहेत. वाचवत नाहीत, पण खोट्या नाहीत.

मग रुचिका म्हणाली, रीत सिद्ध करायला साक्षीदार हवा, ज्याने अशी लग्नं डोळ्यांनी पाहिलीत. तुझं नाव निघालं होतं, पण मी म्हटलं, मी देते. वकील म्हणून या दाव्यात मला आता उभं राहता येत नाही. साक्षीदार म्हणून येतं.

काल दिली. कोट घातला नव्हता. पिंजऱ्यातून कोर्ट वेगळंच दिसतं. तिथून वकिलांचे हात दिसतात, कागद चाळणारे. हे आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

मनोजचे वकील म्हणाले, आपण कायद्याच्या पदवीधर. आपल्या आईवडिलांच्या लग्नाच्या वेळी आपलं वय किती होतं?

मी म्हटलं, नऊ वर्षं.

आपण हजर होतात?

हो. करवली होते.

मागे कुणीतरी हसलं. त्यांनी विचारलं, म्हणजे त्याआधी नऊ वर्षं आपले आईवडील विवाहित नव्हते, असं आपलं म्हणणं? मी म्हटलं, आमच्या रीतीने ते नवराबायकोच होते. लगीन ही देवाची देणी असते, जमेल तेव्हा फेडायची. टायपिस्टने विचारलं, 'देणी' कसं लिहू? साहेब म्हणाले, बाई म्हणतात तसंच लिहा.

त्यांनी आवाज चढवून विचारलं, अशा घरातल्या मुलांना तुमच्या समाजात काय म्हणतात? मी म्हटलं, मुलं. तेव्हा मनोजची आई बाकावरून उठली आणि बाहेर गेली. मनोज तिच्या मागे गेला. वकिलांनी मागे पाहिलं, त्यांचं अशील जागेवर नव्हतं. ते म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत.

माझी आई शेवटच्या बाकावर होती, हे मला खाली उतरल्यावर कळलं. लग्नातलं लुगडं नेसून आली होती. मला म्हणाली, मोठ्याने बोललीस, मागपर्यंत आलं. मग मला तिथेच, कोर्टाच्या जिन्यात, रडू आलं. सात महिन्यांचं एकदम आलं. लोक बाजूने जात होते. तिथे रोजच कुणी ना कुणी रडतं, त्यामुळे कुणी थांबलं नाही.

माधवी

*

पाड्यावरून
२३ नोव्हेंबर २०२५

माधवी,

गुरुवारी त्या तक्रारीवर तुझी स्वतःची सुनावणी मुंबईत बार कौन्सिलपुढे होती, म्हणून तू भिवंडीत नव्हतीस. तुझं काय झालं ते दिनेशबरोबर लगेच कळव. इकडचं मी सांगतो.

तुझ्या साक्षीनंतर मनोजची आई इकडे येऊन आत्याजवळ बसली होती. काय बोलल्या ते माहीत नाही. पुढच्या आठवड्यात मनोजने खांब उपटले. दिवाळीनंतर त्याच्या वकिलाचा निरोप आला, तडजोड करतो. आत्या बारक्याकाकांची बायको आणि वारस हे त्याला मान्य, जमिनीला तिचं नाव लागेल, त्याचं काही म्हणणं नाही.

गुरुवारी कोर्टात कागद आणला. रुचिकाने आधी तपासला होता. मनोजने सही केली. त्याच्या वकिलाने शाईचा पॅड आत्यापुढे सरकवला आणि म्हणाला, आजी, इथे अंगठा.

आत्याने हात पदरात घेतला. म्हणाली, "वाच."

तो म्हणाला, अहो, सगळं तुमच्या बाजूचंच आहे. तुमच्या वकिलांनी पाहिलंय. साहेब वाट बघताहेत. आणि हे बघा, शेवटी लिहिलंच आहे, वाचून दाखवले, समजले, मान्य.

आत्या म्हणाली, "लिवलंय म्हनतोस ना? मंग वाच."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, वाचा.

सतरा मिनिटं लागली. कोर्ट थांबलं होतं. दोनदा तिने त्याला परत वाचायला लावलं. बारक्याकाकांचं नाव आलं तेव्हा डोळे मिटले. मग स्वतः पॅड जवळ ओढला.

खांब गेले, पण नऊ खड्डे राहिलेत. कालपासून ती त्यांत वाल टोकते आहे.

तुझा,
भरत